दाताच्या नावाखाली

१३ जानेवारी, मंगळवार
तिसरी खेप. वरचा ओठ. पाऊण तास.
परभणीत केस काढून देणाऱ्या सुलभा मॅडम म्हणाल्या, "रडायचं तर रड, पण ओठ हलवू नको." मी रडत नव्हते. केसाच्या मुळाशी सुई जाऊन करंट बसला की डोळ्यांतून पाणी आपोआपच येतं, ठसका लागल्यासारखं. मग शिंक. शिंक आली की त्या पायाखालचं बटण सोडतात, भिंगाचा दिवा बाजूला सारतात, मग परत सुरू. आज चार शिंका.
डाव्या हातात ती धातूची कांडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ती धरल्याशिवाय मशीन चालत नाही. एवढी आवळली होती की गंगाखेड येईपर्यंत बोटं आखडलेलीच.
"दहापैकी किती दुखतं?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. दहाचं माप मला जमत नाही. माझं वेगळं आहे. पायात बाभळीचा काटा मोडला की जेवढं दुखतं ती एक बाभूळ. आठवीत विंचू चावला होता, तो सगळ्यांच्या वर. आजचा हिशोब: बाभळी मोजल्या नाहीत, विंचू दोन. दोन्ही नाकाखालच्या खळीत.
घरी माय दारातच. "काडला का दात?"
म्हटलं, नाही, आत औषध भरायचं चालू आहे अजून. तिनं ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून ठेवल्या होत्या. चावता येत नाही असं तोंड करून खाल्ल्या. बिचारीनं आणखी वाढल्या.

१४ जाने.
संक्रांत. गल्लीतल्या बाया तिळगूळ घेऊन आल्या. एकीनं कुंकू लावायला माझ्या हनुवटीला हात घातला. मी मान मागे घेतली. "दात," म्हटलं, "सूज आहे." लगेच सगळ्यांचे इलाज सुरू. लवंग. तुरटी. हिंग. एक म्हातारी म्हणाली, बिब्बा लावा, दुसऱ्या दिवशी भाकर मोडून खाईल.
दात लोकांना पटतो. दात सगळ्यांनाच असतात. म्हणून तर मी दात निवडला.

१८ जाने.
एकदा नीट लिहून काढते, मलाच विसर पडायला नको हे कशासाठी चाललंय.
वनरक्षकाच्या निवड यादीत माझं नाव आहे. धावण्यात मी पहिल्या पाचात आले होते. मेंढरामागे धावलेले पाय, त्यात माझं कौतुक काही नाही. आता ट्रेनिंगचं पत्र यायचं. आधीच्या बॅचच्या एका मुलीनं तिथला फोटो पाठवलाय. एक लांब हॉल, वीस खाटा, मध्ये पडदासुद्धा नाही. न्हाणीघर सामाईक, आरसा व्हरांड्यात.
मी रोज उजाडायच्या आत गोठ्यामागच्या न्हाणीत दाढी करते. दाढीच म्हणायची, दुसरा शब्द लिहून ती कमी होत नाही. बारावीपासून. संध्याकाळी हाताला परत खरखर लागते. वीस जणींत हे दोन दिवससुद्धा झाकणार नाही.
डॉक्टरीणबाईंच्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी नवीन केस येणं कमी होईल, आलेले जायचे नाहीत. आलेले जातात ते सुईनंच, एकेक.
म्हणजे पत्र येईपर्यंत जबडा आणि हनुवटी एवढी तरी साफ व्हायला पाहिजे की दोन-तीन दिवस दाढीविना निघतील. लग्नासाठी नाही. कुणी बघायला येणार म्हणून नाही. त्या एका खाटेसाठी.

२४ जाने.
खेपेआधी पाच दिवस रेझर बंद. केस तांदळाच्या कणीएवढा तरी वर पाहिजे, नाहीतर मॅडमच्या चिमट्यात येत नाही. हे पाच दिवस सगळ्यांत वाईट. सुई परवडली.
ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात दिवसभर मास्क लावून बसते. एक आजोबा पेन्शनचा फॉर्म भरायला आले होते. म्हणाले, "कोरोना जाऊन जमाना झाला पोरी, तुजा मास्क जाईना."
म्हटलं, धुळीचा त्रास आहे.
"मग आमाला बी हाय की धूळ."
हसले सगळे. मीही हसले, मास्कच्या आत कुणाला दिसतंय.

२७ जाने., मंगळवार
आज फजिती.
माझं गणित असं: सातची एसटी, गंगाखेडला उतरायचं, स्टँडवरच्या बायकांच्या मोरीत बधिर करायचं क्रीम जाड थापायचं, वर पातळ प्लॅस्टिक, वर स्कार्फ. मग परभणीची गाडी. दैठणा येईपर्यंत आधी खाज, मग गार, मग काहीच नाही. परभणीला उतरताना हनुवटी माझी नसते. तिथून मॅडमच्या जिन्यापर्यंत दहा मिनिटं. बरोबर बसतं.
आज दैठण्याच्या अलीकडेच टायर गेलं. दीड तास उन्हात. दुसऱ्या गाडीत उभी राहून गेले. जिना चढताना हनुवटी परत माझी झाली होती. त्यात उपाशीपोटी चहा घेतलेला. मॅडम म्हणतात चहानं जास्त टोचतं. मला कळतं, पण उन्हात दीड तास काय करायचं.
बधिरपणा उतरत असताना सुई गेली की दुप्पट लागते. पंचवीस मिनिटांत पाच विंचू. प्रत्येक विंचवानंतर मॅडम थांबायच्या, बर्फ लावायच्या, "घे श्वास." आणि थांबून परत पहिली सुई आली की तोच पुढचा विंचू.
मी "बास" म्हटलं. पहिल्यांदाच. त्यांनी सुई स्पिरिटच्या भांड्यात टाकली. तो टण् आवाजच लागला.
तोंड आवळून परत आले. स्वतःचा इतका राग आला की गंगाखेडला पाणीसुद्धा प्यायले नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
मेंढ्या कातरल्या आज. एक्केचाळीस. आबा कातर चालवणार, मी पाय धरणार, बाप-लेकीचं लहानपणापासूनचं ठरलेलं.
आबांच्या हाताखाली मेंढी हलत नाही. दुसऱ्यांकडे लाथा झाडते, ओरडते. आबा एक तळहात तिच्या डोळ्यावर ठेवतात, तिचं नाव घेतात आणि जे सुरू करतात ते पाठ संपेपर्यंत थांबत नाहीत. आज एका मेंढीच्या वेळी माझ्या हातून पाय सुटला. मी म्हटलं, थांबा जरा. थांबले नाहीत. नंतर म्हणाले,
"कातरीचं भ्या न्हाई वाटत मेंढराला. हात थांबला की वाटतंय. थांबला की त्याला कळतंय, आता परत येनार."
वीस वर्षं पाय धरतेय आणि आज ऐकलं.

१० फेब्रु., मंगळवार
पाचवी खेप. पूर्ण एक तास.
मॅडमना आधीच सांगितलं: मी काहीही केलं तरी थांबायचं नाही. एका चालीत. मी श्वास सोडला की सुई. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "तू सांगतेस मला?" म्हटलं, आबांनी सांगितलंय. आबा कोण ते त्यांनी विचारलं नाही.
आणि मोजायचं नाही. मोजलं की पुढं किती राहिले तेच डोक्यात. त्यापेक्षा सकाळी मेंढ्या कुंपणाच्या वाडग्यातून ज्या क्रमानं बाहेर पडतात त्या क्रमानं नावं. एक केस, एक मेंढी. भुरी. चंद्री. बोडकी. कानतुटकी. लांडी. तांबडी. खुरमोडी. नाव घेताना ती डोळ्यांपुढं यायलाच पाहिजे, कुंपणाच्या फटीतून अंग चोरून निघणारी. ती दिसेपर्यंत सुई येऊन गेलेली असते. थोडी तरी.
अख्खा कळप कितीदा तरी बाहेर काढला. डावा जबडा पूर्ण झाला. विंचू एकच.
मॅडम हात धुताना म्हणाल्या, "अशी सोसलीस तर उन्हाळ्यापर्यंत बरंच होईल." या बाईच्या तोंडून एवढं म्हणजे आरतीच. एसटीत मला चक्क भूक लागली.

१२ फेब्रु.
डावा गाल दगडासारखा. एका तासाची हाव नडली. बारीक खपल्या धरल्यात जबड्याच्या कडेनं. कोरफड लावतेय. दुखतंय, पण हे दुखणं मला चालतं.

१३ फेब्रु., शुक्रवार
माय दुपारी समोर येऊन बसली. हातात बिब्बा.
"पाच खेपा झाल्या आन दात तसाच. त्यो डाक्टर लुबाडायलाय तुला. आन इकडं, लावते."
मी नको म्हटलं. परत नको म्हटलं.
"दात दुखायलाय म्हनतीस आन इलाज नको म्हनतीस. दुसरंच कायतरी हाय का?"
ती सहज बोलली की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही. पण ती आणखी खोदायला नको म्हणून गाल पुढे केला.
त्या बाजूचे केस मंगळवारीच निघालेले, त्यामुळे तिच्या बोटाला खपल्याच लागल्या. "उष्णता उठलीय," म्हणाली. सुईनं बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसं सुईच्या टोकानं ठिपके दिले. जबड्याच्या कडेकडेनं सात. हात एकदम हलका. लहानपणी माझ्या टाचेचा काटा काढायची तसाच.
मॅडमची सुई आणि मायची सुई, एकाच आठवड्यात एकाच गालावर. दुखलं म्हणावं तर काहीच नाही. मेंढ्या काढायचीसुद्धा गरज पडली नाही. मनात म्हटलं, चला, सुटले.

१४ फेब्रु.
खाज. मग आग.

१५ फेब्रु.
महाशिवरात्र. बिब्बा उतला. डोळा अर्धा मिटलाय. सात ठिपक्यांचे सात फोड, खालचे तीन एकत्र होऊन पाणी गळतंय. उशी ओली.
मायनं खोबरं वाटून लावलं, खोबरं खायला दिलं. उपासाचं तिनं काहीच खाल्लं नाही. सारखी स्वतःच्या बोटांकडे बघत होती. "माज्या हातचा कदी उतला न्हाई. आजवर कुनाला उतला न्हाई. माझ्याच लेकराला कसा…"
मला माहीत आहे कसा. मंगळवारी त्या जबड्यात शेकडो वेळा सुई गेली होती, कातडी जागोजागी उघडी होती, त्यावर बिब्ब्याचं तेल. तिला हे माहीत नाही. ती स्वतःच्या हाताला दोष देत बसली आणि मी देऊ दिला.
याच्याइतकं हलकट काम मी आजवर केलेलं नाही. तरी बोलले नाही.

१७ फेब्रु., मंगळवार
गंगाखेडच्या डॉक्टरांनी मलम दिलं. तिथून तशीच परभणीला, मॅडमना दाखवायला.
स्कार्फ सोडल्यावर त्या उठून उभ्याच राहिल्या. "हे काय करून आणलंस?"
म्हटलं, बिब्बा. घरी दात सांगितला होता.
त्यांनी दिवा ओढून गाल नीट बघितला. मग खुर्ची ओढून बसल्या. "डाव्या बाजूला मी आता हात लावणार नाही. महिना तरी. काळे डाग वर्षभर राहतील, कदाचित जास्त. रेझर तर विसरच तिथं."
"पत्र आलं तर?"
"तर जशी आहेस तशी जायचं."
त्यांना सोपं आहे बोलायला. त्यांची कातडी चकचकीत आहे. जिना उतरताना मला त्यांचाही राग आला, मायचाही आला, आणि खाली आल्यावर दोघींचा संपून फक्त माझाच उरला.

२३ फेब्रु.
माय रोज दोनदा तेल लावते. डोळे मिटून पडते मी. आज जबड्याच्या कडेवर तिची बोटं फिरत होती आणि मध्येच हात थांबला.
हात थांबला की कळतं.
तिनं उठून दार लावलं. परत येऊन हनुवटीखालून बोट फिरवलं. उलटं, मग सुलटं. नव्यानं आलेले केस, खपल्यांच्या मधून.
"किती सालापास्नं?"
"बारावीपासून."
"आन दात?"
"दात चांगले आहेत."
ती भिंतीला टेकून बसली. मग मी सगळं सांगितलं. मशीन, सुई, क्रीम, गंगाखेडची मोरी, रेझर, बिब्बा का उतला ते. बिब्ब्याचं ऐकल्यावर तिनं स्वतःचे हात पदराखाली घेतले.
म्हणाली, "माज्या आत्याला व्हती. लगीन झालं आन पंधरा दिसांत आनून सोडली. जलमभर मेंढरामागं राह्यली, तोंडावर पदर घेऊन." आणि मग, "आमी पोरी हसायचो तिला. मी बी हसायचे."
कानात फक्त तेच, मी बी हसायचे.

४ मार्च
पत्र आलं. ३० मार्चला हजर.
आबा गावभर सांगून आले. "आता माझीच पोरगी माझी मेंढरं कोंडवाड्यात घालनार." त्यांना एवढं हसताना कधी बघितलं होतं आठवत नाही. माय चुलीपुढे. तिनं वर बघितलं नाही.

६ मार्च
माय म्हणते जाऊ नको.
"वीस बायांत निजायचं. एकीला कळलं की इसाला कळलं. मग आनून सोडतेत बघ."
म्हटलं, सरकारी नोकरीतून आणून सोडत नाहीत.
"नांदत्या घरातनं बी सोडत नस्तेत, पन सोडली."
हिला समजावता येत नाही, कारण ती चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

१२ मार्च
रेझर सापडत नाही. मायनं लपवलाय. उजव्या बाजूचे मुकाट वाढतायत. डावीकडे सात काळे ठिपके, खालचे तीन मिळून एक डाग झालाय. दुकानात जात नाही आता, आजारी सांगितलंय. कशानं आजारी, ते लोक दातावरून आपोआप समजतात.
दुपारी भांडण. मी म्हटलं, रेझर दे. ती म्हणाली, "आबाला सांगितलंय मी."
मला जमीन फाटून आत घ्यावं असं झालं. चुलीतलं पेटतं लाकूड उचलून फेकावं असंही. दोन्ही केलं नाही. न्हाणीत जाऊन बसले.

१९ मार्च
आठ दिवस झाले, आबा माझ्याकडे बघत नाहीत. उजाडायच्या आत मेंढ्या घेऊन जातात, अंधार पडल्यावर येतात. जेवताना ताटात बघतात. चिडलेत की लाजलेत, कळायला मार्ग नाही. विचारावं तर काय विचारावं. बापाला हे विचारायची रीत कुठं असते.
माप काढायचं तर आठ दिवस रोज एक विंचू. मॅडमच्या हातचा परवडला, तो चावून तरी जातो.

२४ मार्च, मंगळवार
मॅडम उजव्या बाजूला आणि हनुवटीखाली करायला तयार झाल्या. पण क्रीम अजिबात नाही, नवीन कातडीजवळ जोखीम नको म्हणाल्या.
सातच्या गाडीला गेले तर स्टँडवर आबा. धुतलेला पटका, हातात पिशवी. मेंढ्या चुलत्याच्या ताब्यात देऊन आलेले. माझ्या मागून गाडीत चढले आणि दोन तिकिटं काढली.
गंगाखेडला गाडी बदलली. आज मोरीत जायचं काम नव्हतं. दैठणा आलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघत बोलले,
"दाताला इतक्या खेपा लागत न्हाईत. मला पैल्या महिन्यातच कळलं व्हतं."
"मग विचारलं का नाही?"
"तू दात म्हनलीस. म्हनून दात."
मग म्हणाले, "आन आत्ता बगत नव्हतो ते तुला बरं वाटावं म्हनून. उगं बगायला लागलो तर तुलाच अवघड." मी स्कार्फच्या आत दात आवळून बसले. इतके दिवस मी काय काय समजले होते.
मॅडमच्या दारावर पाटी, पुरुषांना प्रवेश नाही. आबांना वाचता येत नाही, पण पाटीवरचे बायकांचे फोटो बघून ते स्वतःच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, वहाणा मांडीजवळ घेऊन. दाराला नुसता पडदा.
क्रीम नाही. पहिल्या सुईलाच विंचू. दुसरीला पण. हनुवटीखालची कातडी ताणून धरतात तिथं मानेपर्यंत जातं. मॅडम म्हणाल्या, "बोल तोंडानं, म्हणजे मला कळेल शुद्धीत आहेस." मग श्वास सोडताना नावं मोठ्यानं. भुरी. चंद्री. बोडकी. कानतुटकी.
आणि पुढचं आठवेना. बाकीच्या सगळ्या मेंढ्या डोक्यातून गेल्या. कानतुटकी, कानतुटकी. कांडी हातातून सुटायला लागली.
पडद्यामागून आवाज आला, "लांडी."
मॅडमनी बटणावरून पाय उचलला. मी म्हटलं, थांबू नका.
"तांबडी," आबा म्हणाले. सुई. "खुरमोडी." सुई. "गवळण." कातरताना जो आवाज लावतात तोच, ना मोठा ना बारीक. एक्केचाळीस झाल्या की परत भुरीपासून. मॅडम त्यांच्या आवाजावर बटण दाबायला लागल्या. कुणीच थांबलं नाही.
दुखलं तेवढंच. कमी झालं असं लिहिलं तर खोटं होईल. मी भरपूर रडले, पण हनुवटी हलू दिली नाही.
शेवटी मॅडमना विचारलं, अजून किती. म्हणाल्या, "खरं सांगू? वर्ष. डावी बाजू तर नव्यानं सुरू करायची." जिन्यात आबा उठून उभे राहिले. गुडघा धरला होता त्यांचा. म्हणाले, "भुरीला ह्या बारीला दोन व्हतील असं वाटायलंय." स्टँडपर्यंत मेंढ्यांचंच बोलणं.

२९ मार्च
पेटी भरली. दोन ड्रेस, बूट, कागदपत्रं.
माय मागून आली आणि कपड्यांच्या घडीत एक पुरचुंडी खुपसली. मी तिच्यादेखत उघडली. खोबरेल तेलाची बाटली आणि माझा रेझर. नवीन पातं बसवलेला. कुठून आणलं, कुणाकडून बसवून घेतलं, विचारलं नाही.
"सगळ्यांच्या आदी उठत जा," म्हणाली.
तिच्याकडून एवढंच मिळणार होतं. घेतलं.
जाताना तिनं डाव्या गालाला हात लावला नाही. उजव्याला लावला.

३० मार्च
पोचले. फोटोत होता तसाच हॉल. वीस खाटा, मला भिंतीकडची मिळाली. म्हणजे एका बाजूला तरी कुणी नाही. पण भिंत उजवीकडे, डावा गाल हॉलकडे. पलटून झोपायचं तर पायाकडे डोकं करावं लागेल.
शेजारच्या खाटेवर वालूरची मुलगी आहे, अश्विनी. बोलकी. सामान लावता लावता मास्क कशाला म्हणाली, इथं कुठं धूळ आहे. काढला. आज पहाटे घरी डावीकडचे तुरळक केस कात्रीनं छाटले होते आणि उजवी बाजू रेझरनं केली होती, तिकडची काळजी नव्हती. तिनं डावीकडं वाकून बघितलं.
"ह्यो बिब्बा हाय ना? माजी आजी बी लावती. कशाला लावला व्हता गं?"
मी तोंड उघडलं. दात म्हणायलाच उघडलं होतं. तेवढ्यात हजेरीची शिट्टी झाली.
रांगेत ती माझ्या मागेच उभी होती. आता अर्ध्या तासानं जेवण, आणि तिनं जागा धरून ठेवते म्हणून सांगितलंय. दात म्हणणं सोपं आहे. पण दात म्हटलं की कुणीतरी इलाज घेऊन येतं.
आरसा व्हरांड्यातच आहे. उजेड चांगला येतो तिथं. पहिली घंटा पाचला; माय म्हणाली तसं त्याआधी उठलं तर आरसा मोकळा असेल.
अश्विनी दारातून हाक मारतेय.